कुरणांतील पक्षी आणि त्यांचें भवितव्य

टिटवीनें समुद्राशीं मांडलेल्या वैराची पंचतंत्रांतील कथा लहानथोरांना ठाऊक आहे. किनाऱ्यावरील तिचीं अंडीं समुद्रानें ओढून नेलीं, तेव्हां त्या क्षुद्र पक्ष्याच्या जोडप्यानें हार न मानतां थेट गरुडापर्यंत दाद मागितली आणि अखेर अंडीं परत मिळविलीं. टिटवीच्या जातभाईंवर आज युरोपांत तसाच प्रसंग ओढवला आहे. फरक इतकाच कीं, तेथें संकट समुद्राचें नसून गवत कापणाऱ्या यंत्राचें आहे, आणि पक्ष्यांच्या वतीनें दाद मागण्याचें काम शास्त्रज्ञांना करावें लागत आहे.

उथळ पाण्यांत वा ओल्या मातींत चालत राहून चोंचीनें भक्ष्य शोधणारे टिटवी, तुतवार, पाणलावा इत्यादि पक्षी एका मोठ्या गणांत मोडतात. त्यांपैकीं कित्येक जाती विणीच्या हंगामांत कुरणांचा आश्रय करतात व जमिनीवरच गवताच्या झुबक्यांत अंडीं घालतात. अशा पक्ष्यांचें युरोपांतील एक माहेरघर म्हणजे नेदरलँड्स अथवा हॉलंड हा देश. बांध घालून समुद्रापासून राखलेली सपाट जमीन, शेताशेतांमधून वाहणारे पाट आणि दुभत्या गाईंसाठीं वाढविलेलें गवत, असें तेथील ग्रामीण दृश्य असतें. या कुरणांचा राजा म्हणून ज्याला मान आहे, तो पक्षी म्हणजे ग्रुटो. त्याच्या हांकेवरूनच डच लोकांनीं त्याला हें नांव दिलें. टिटवीलाही तिचें नांव अशाच रीतीनें मिळालें आहे. इंग्रजी पुस्तकांत यालाच काळ्या शेपटीचा गॉडविट म्हणतात. पाय उंच, चोंच लांब व सरळ, विणीच्या काळीं मान व छाती विटकरी रंगाची, शेपटी काळी आणि पंखांवर पांढरा पट्टा, हीं त्याचीं लक्षणें होत. २०१५ सालीं लोकांचें मत घेऊन त्याला त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी ठरविण्यांत आलें.

या पक्ष्याची चोंच हें निसर्गाच्या कारागिरीचें एक नवलच आहे. चिखलांत खोल खुपसलेली चोंच पूर्ण उघडणें शक्य नसतें. म्हणून ती मुळापाशीं मिटलेली ठेवून केवळ वरचें टोंक उचलण्याची सोय तिच्यांत असते. चिमट्यानें कांटा धरावा, तसें तो गांडूळ धरतो. चोंचीच्या टोंकाशीं दाब ओळखणारीं सूक्ष्म इंद्रियें असतात. डच शास्त्रज्ञ थ्यूनिस पीर्स्मा व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं याच गणांतील नॉट नांवाच्या पक्ष्याविषयीं असें दाखवून दिलें कीं, ओल्या वाळूंत चोंच वारंवार खुपसल्यानें पाण्याचा जो दाब उत्पन्न होतो, त्यांत पुरलेल्या शिंपलीमुळें फरक पडतो व तो फरक त्या पक्ष्याला जाणवतो. अर्थात् प्रत्यक्ष स्पर्श न होतांही त्याला भक्ष्याचा सुगावा लागतो. परंतु असल्या सुंदर हत्याराचा उपयोग जमीन ओली व मऊ असेल तरच होतो. वाळलेल्या ढेकळांपुढें तें निरुपयोगी ठरतें. पुढील सर्व विवेचनाची किल्ली या साध्या गोष्टींत आहे.

ग्रुटो हा मूळचा दलदलीचा रहिवासी. शेतकऱ्यांनीं दलदली उपसून त्यांचीं कुरणें केलीं, शेणखत घातलें, त्यामुळें गांडुळें वाढलीं आणि पक्षीही मागोमाग कुरणांत आला. जुन्या काळीं वाळल्या गवतासाठीं पहिली कापणी जून महिन्यांत होत असे. तोंपर्यंत त्याचीं पिलें उडूं लागत. शेतकरी आणि पक्षी यांचीं वेळापत्रकें अशा रीतीनें आपोआप जुळलीं होतीं. फ्रीसलंड प्रांतांत तर वसंताच्या आरंभीं टिटवीचें पहिलें अंडें शोधून तें प्रांताच्या राजप्रतिनिधीला नजर करण्याची प्रथा होती. अंडीं शोधणारे हेच लोक पुढें हंगामभर घरट्यांची राखणही करीत. अलीकडे अंडीं उचलण्यास बंदी झाली असून केवळ शोधण्याचा भाग उरला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें वेळापत्रक मोडलें. सन १९७० च्या आसपास हॉलंडमध्यें ग्रुटोचीं सुमारें १,२०,००० जोडपीं वीण करीत असत. आज ती संख्या ३०,००० च्या आसपास येऊन ठेपली आहे. पश्चिम युरोपांतील या पक्ष्यांपैकीं बहुतेक सर्व याच एका देशांत वाढतात. म्हणून तेथील ऱ्हास म्हणजे तेथील वंशाचाच ऱ्हास होय. २००६ पासून जगांतील संकटग्रस्त जातींच्या यादींत ही जात संकटाच्या उंबरठ्यावरील म्हणून गणली जाते.

असें कां झालें? अधिक दूध हवें म्हणून अधिक गवत हवें. अधिक गवत हवें म्हणून जमिनींतील पाण्याची पातळी खालीं नेली, रासायनिक खतें घातलीं आणि नाना फुलांच्या जुन्या कुरणाच्या जागीं एकाच जातीचें जलद वाढणारें गवत पेरलें. कोरडी जमीन वसंतांत लवकर तापते, गवत लवकर वाढतें आणि पहिली कापणी जून सोडून मेच्या आरंभाकडे सरकते. आतां पक्ष्याचें गणित पाहावें. तो एप्रिलांत चार अंडीं घालतो. तीं उबविण्यास साडेतीन आठवड्यांच्या जवळपास काळ लागतो. पिलांना उडूं लागण्यास आणखी सुमारें चार आठवडे हवेत. म्हणजे पिलें गवतांत दडून वाढण्याचा जो काळ, नेमका तोच आतां यंत्राचा काळ झाला आहे. गवत पुढें सरकलें. पक्ष्याला मात्र आपली वीण तितकी पुढें आणतां आली नाहीं.

हें ध्यानांत येतांच हजारों स्वयंसेवक कुरणांत उतरले. घरट्यांजवळ काठ्या रोवून त्यांनीं खुणा केल्या आणि शेतकरी तेवढा तुकडा सोडून गवत कापूं लागले. अंडीं वांचलीं, तरीही पक्षी घटतच राहिले. याचें कारण पिलाच्या स्वभावांत आहे. चिमणीच्या पिलाप्रमाणें ग्रुटोचें पिलूं घरट्यांत बसून चारा मागत नाहीं. अंड्यांतून निघाल्यावर एका दिवसांतच तें घरटें सोडतें व आईबापांच्या नजरेखालीं स्वतःच किडे टिपूं लागतें. त्याला दिवसाकाठीं हजारों किडे लागतात. फुलांच्या विरळ गवतांत ते मिळतात; दाट, एकसुरी गवतांत ते थोडे असतात आणि इवल्याशा पायांना वाटही मिळत नाहीं. नुकत्याच कापलेल्या मोकळ्या रानांत कोल्हा, कावळा व ससाणावर्गी पक्षी यांच्या दृष्टीस तें सहज पडतें. तात्पर्य, घरटें राखलें म्हणजे पक्षी राखला असें होत नाहीं. पिलाच्या पहिल्या महिनाभराचा सर्व संसार राखावा लागतो.

सरकारनें शेतकऱ्यांस मोबदला देऊन कांहीं शेतांतील कापणी लांबविली होती. त्या योजनांचें परीक्षण करणारा डाविट क्लाइन व सहकारी यांचा निबंध २००१ सालीं ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. मोबदल्याच्या शेतांत या पक्ष्यांची संख्या अधिक आढळत नाहीं, असा त्याचा निष्कर्ष होता. कापणीची तारीख बदलली, पण पाणी व खत होतें तसेंच राहिलें, तर कुरण पक्ष्याच्या कामाचें होत नाहीं. हेतु चांगला असला तरी परिणाम मोजून पाहिल्याविना समाधान मानूं नये, हा धडा त्यांतून मिळाला.

आणखी एक गोष्ट निरीक्षकाला फसविते. ग्रुटो दीर्घायुषी आहे. कित्येक पक्षी वीस वर्षांपर्यंतही जगतात. त्यामुळें एखाद्या कुरणांत वर्षानुवर्षें पिलूं मोठें झालें नाहीं, तरी जुनीं जोडपीं दर वसंतांत येतच राहतात आणि सारें आलबेल आहे असें वाटतें. संख्या टिकावयाची तर दर जोडप्यामागें वर्षाला सरासरी सुमारें ०.६ पिलूं उडण्यास समर्थ व्हावें लागतें. तितकें होत नाहीं, हेंच खरें दुखणें आहे. ज्या गांवांत केवळ म्हातारीं माणसें उरलीं आहेत, त्या गांवाची वस्ती भरलेली म्हणतां येत नाहीं.

हें सर्व कळलें तें पक्ष्यांच्या पायांत घातलेल्या कड्यांमुळें. १८९९ सालीं डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गांवचे शाळामास्तर हान्स ख्रिस्तियन मॉर्टेनसेन यांनीं अल्युमिनियमचीं क्रमांकित कडीं पक्ष्यांच्या पायांत घालून या पद्धतीचा पाया घातला. आज रंगीत कड्यांमुळें दुर्बिणीनेंही विशिष्ट पक्षी ओळखतां येतो. आइसलंडमध्यें वाढणाऱ्या ग्रुटोंच्या अशा अभ्यासांतून २००४ सालीं एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. नर व मादी हिंवाळा एकमेकांपासून सरासरी सुमारें हजार किलोमीटर दूर घालवितात. तथापि वसंतांत दोघेंही सरासरी तीन दिवसांच्या अंतरानें आपल्या विणीच्या ठिकाणीं पोंचतात. संख्येच्या दृष्टीनेंही आइसलंडचे हे पक्षी हॉलंडच्या उलट आहेत. विसाव्या शतकांत ते वाढतच गेले.

हॉलंडचे पक्षी जून संपतां संपतां दक्षिणेस निघतात. कित्येक स्पेनमध्यें थांबतात, तर पुष्कळसे सहारा ओलांडून सेनेगल व गिनी-बिसाऊ येथील भातखाचरांत उतरतात. परततांना ते स्पेन व पोर्तुगालच्या भातशेतांत सांडलेले दाणे टिपून पुढच्या प्रवासाची शिदोरी अंगीं सांठवितात. वाटेवरील फ्रान्समध्यें त्यांची शिकार होत असे. तिला २००८ सालीं स्थगिती मिळाली. एका पक्ष्याचें आयुष्य असें अनेक देशांच्या हातीं असतें.

उपाय आतां पुरेसे स्पष्ट झाले आहेत. पाण्याची पातळी वर आणणें, शेणखत वापरणें, फुलांचें गवत पुन्हा वाढूं देणें, कापणी उशिरा करणें, आणि हें सर्व तुकड्यातुकड्यांनीं न करतां विस्तृत सलग प्रदेशांत करणें. २०२० सालीं माजी मंत्री पीटर विन्सेमियस यांच्या पुढाकारानें मांडलेल्या योजनेंत सुमारें हजार हेक्टरांच्या सलग क्षेत्रांचा आग्रह धरण्यांत आला, तो याच कारणानें. इंग्लंडांत तर अगदीं मोजकींच जोडपीं उरलीं असल्यानें २०१७ ते २०२२ या काळांत अंडीं गोळा करून, पिलें माणसांच्या देखरेखीखालीं वाढवून, अशीं दोनशेंहून अधिक पिलें रानांत सोडण्यांत आलीं. परंतु हा शेवटचा इलाज झाला. कुरण सुधारलें नाहीं तर तोही वांया जाईल. यांत शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाहीं. स्वस्त दूध व लोणी मागणारा नगरवासीच त्याला घाईची कापणी करावयास लावतो. पक्ष्यासाठीं गवत राखणाऱ्याच्या दुधाला चार पैसे अधिक मिळाले, तरच त्याचा संसार व पक्ष्याचा संसार एकत्र नांदतील.

याच जातीचे, परंतु पूर्वेकडील प्रदेशांत वाढणारे पक्षी हिंवाळ्यांत भारतांतही येतात. ठाण्याच्या खाडींत ते थव्यांनीं दिसतात. नांदूर-मधमेश्वर (२०१९) व ठाण्याची खाडी (२०२२) या महाराष्ट्रांतील पाणथळ जागांना रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्व लाभलें आहे. तेथील चिखल हा पडीक जागेचा चिखल नव्हे. दूरदेशीं होणाऱ्या विणीची पुंजी त्यांतच सांठविली जाते. पंचतंत्रांतील टिटवीला गरुड भेटला. कुरणांतील व खाडींतील या पक्ष्यांना गरुड कोठून भेटणार? त्यांची दाद माणसालाच लावून घ्यावी लागेल, आणि तीही पिलें वाढण्याच्या त्या चार आठवड्यांत.