कुठे होतात तुम्ही?

रात्री अकराला ड्यूटीवर आलो की मी आधी टोप्या बघतो. काळ्या किंवा गडद निळ्या, पुढे पिवळ्या धाग्याने भरलेली अक्षरं. कुणाची युद्धनौका, कुणाची पलटण, कुणाचं नुसतंच 'व्हिएतनाम'. अंगातले कपडे उतरवून हॉस्पिटलचा झगा चढवला तरी म्हातारा टोपी काढत नाही. काढलीच तर कॉटच्या कठड्याला अडकवतो, हाताला लागेल अशी. केसपेपर मी नंतर उघडतो.

हे हॉस्पिटल फक्त माजी सैनिकांचं आहे. अमेरिकेत याला सगळे 'व्हीए' म्हणतात. १९३० साली राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी विखुरलेली खाती एकत्र करून ही यंत्रणा उभी केली, १९८९ मध्ये तिला मंत्रालयाचा दर्जा मिळाला. आज देशभरात सुमारे १७० हॉस्पिटलं, हजारावर दवाखाने आणि नाव नोंदवलेले ९० लाखांच्या आसपास माजी सैनिक, असा तिचा पसारा आहे. आपल्याकडे सातारा-कोल्हापूरच्या माजी सैनिकांच्या घराघरांत ईसीएचएसचं कार्ड असतं. २००३ पासूनची ती योजना: स्वतःची पॉलिक्लिनिक्स, आणि दुखणं मोठं असेल तर लष्करी किंवा यादीवरचं खासगी रुग्णालय. इथे डॉक्टर, औषधं, कृत्रिम पाय, श्रवणयंत्र, सगळं सरकारचंच आणि एकाच आवारात. अशाच एका आवारात, मध्य-पश्चिमेतल्या एका शहरात, मी बरीच वर्षं कॅज्युअल्टीत रात्रपाळी करतो.

पहिल्यांदा आलो तो रेसिडेन्सीत, चार आठवड्यांच्या पोस्टिंगवर. १९४६ साली जनरल ओमर ब्रॅडली या खात्याचे प्रमुख असताना व्हीएची हॉस्पिटलं मेडिकल कॉलेजांशी जोडायचं ठरलं. त्याचा परिणाम असा की अमेरिकेतल्या बहुसंख्य डॉक्टरांनी शिकताना कधी ना कधी व्हीएत पाणी भरलेलं असतं. पुण्या-मुंबईहून इथे आलेले माझ्यासारखे कितीतरी जण त्यात आले. बरोबरीचे पुढे ट्रॉमा सेंटरांत गेले. त्यांना माझी कॅज्युअल्टी मिळमिळीत वाटते. इथे बाळंतपण क्वचित, लहान मूल जवळजवळ नाहीच, आणि अपघात नि गोळीबारातले जखमी अँब्युलन्सवाले परस्पर दुसरीकडे नेतात. उरतात ते छातीत दुखणारे, दम लागलेले, साखर चढलेले, न्हाणीघरात पडलेले, आणि रात्री दोनला लघवी तुंबल्याने घामाघूम झालेले आजोबा. शेवटच्या गटाइतकी कृतज्ञता मी कुठल्याच पेशंटकडून अनुभवलेली नाही. नळी आत गेली की दोन मिनिटांत माणूस तुम्हाला देवच मानतो.

म्हणायला मात्र 'डॉक्टर' म्हणत नाही, 'डॉक' म्हणतो. सुरुवातीला मला ही सलगी वाटे. मग एका सिस्टरने सांगितलं की मरीन सैनिकांबरोबर नौदलाचा जो वैद्यकीय शिपाई असतो, गोळ्या चालू असताना रांगत येऊन रक्त थांबवणारा, त्याला 'डॉक' म्हणतात. तेव्हापासून ती हाक ऐकली की मी जरा सावरून उभा राहतो.

इथली हिस्टरी एका जादा प्रश्नाने सुरू होते. कुठे होतात तुम्ही, आणि कधी? शिकाऊ डॉक्टरांसाठी व्हीएने खिशात मावेल असं कार्डच छापलेलं आहे, त्यावर हेच प्रश्न. हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही. १९६२ ते १९७१ या काळात व्हिएतनामच्या जंगलांवर एजंट ऑरेंज आणि तसलीच तणनाशकं फवारली. त्या टापूत जो होता त्याला पुढे मधुमेह, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा पार्किन्सन झाला तर तो नोकरीमुळेच झाला असं कायदा धरून चालतो. उत्तर कॅरोलिनातल्या कॅम्प लेजूनचं पिण्याचं पाणी १९५३ ते १९८७ दूषित होतं. १९९१ साली कुवेतमध्ये तेलविहिरी जळत होत्या. इराक-अफगाणिस्तानात छावणीचा सगळा कचरा, प्लॅस्टिकपासून बॅटऱ्यांपर्यंत, उघड्या खड्ड्यांत पेटवत. त्या धुराच्या आजारांना भरपाई देणारा कायदा व्हायला २०२२ साल उजाडलं. पस्तिशीतल्या, कधी विडीला हात न लावलेल्या पोराला दम लागतो तेव्हा तो खड्डा विचारावाच लागतो. आणि उत्तर लिहून ठेवावं लागतं, कारण पुढे त्याच्या भरपाईच्या कागदांत माझी रात्री तीनची नोंद कुणीतरी वाचणार असतं.

काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रात्री नव्वदीचे एक गृहस्थ आले. तक्रार एकच: पाय पेटलेत. मी मोजे काढायला गेलो तर खाली आणखी एक जोडी. पाय थंडगार, पांढुरके, नखं शिंगासारखी जाड. नाडी लागत होती, मधुमेह नव्हता. कुठे होतात, विचारलं. त्यांनी कोरियातल्या चोसिन जलाशयाचं नाव घेतलं. १९५०चा नोव्हेंबर-डिसेंबर, रात्रीचा पारा उणे ३० अंशांच्या आसपास. हिमदंशाने नसा आणि बारीक रक्तवाहिन्या एकदा दुखावल्या की त्या पन्नास-साठ वर्षांनीही हिशेब मागतात. त्यासाठी भरपाई मिळते. यांनी आयुष्यात अर्जच केला नव्हता. का, तर "माझी बोटं शाबूत आहेत ना!" औषध दिलं, गरम ब्लँकेट दिलं. अर्जाच्या माहितीचा कागदही दिला. त्या कागदाची घडी घालून त्यांनी टोपीच्या आत ठेवली. पुढे अर्ज केला की नाही, कोण जाणे.

प्रश्न ज्याला विचारायचा त्यालाच विचारावा, हेही मी इथेच शिकलो. एकदा कॉटवर एक बाई होत्या, शेजारी डोक्यावर टोपी घातलेला नवरा. मी सवयीने त्याच्याकडे वळून म्हटलं, "कुठे होतात तुम्ही?" तो म्हणाला, "मी विमा विकायचो. टोपी हिची आहे, हिला टोचतेय म्हणून मी घातलीय." बाईंनी डोळे मिटून घेतले. असं त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा घडत नव्हतं, हे त्या मिटण्यावरूनच कळलं.

माणसं इथे स्वतःची ओळख टक्क्यांत देतात. "मी सत्तर टक्के आहे, डॉक." म्हणजे नोकरीमुळे आलेलं अपंगत्व ७० टक्के. त्याचं गणित अजब आहे. एका दुखापतीचे ५० आणि दुसरीचे ३० असतील तर बेरीज ८० होत नाही. पहिल्या ५० नंतर माणूस निम्मा धड उरला, त्या उरलेल्याचे ३० टक्के म्हणजे १५. झाले ६५, ते वर ओढून ७०. शाळेत नापास झालेला म्हातारासुद्धा हे तोंडी करून दाखवतो. सगळ्यांत जास्त जणांना टक्के मिळालेत ते कानांत सतत वाजणाऱ्या शिट्टीपोटी. तोफा, इंजिनं, हेलिकॉप्टरं. त्यामुळे माझी कॅज्युअल्टी रात्रीची शांत कधीच नसते. आम्ही सगळे ओरडून बोलतो. बद्धकोष्ठाची चौकशी पडद्यापलीकडच्या चौघांना ऐकू जाते आणि एखादा पलीकडून स्वतःचा उपाय सुचवतो.

शरीरात राहिलेलं लोखंड ही आणखी एक इथली खासियत. एमआरआयला पाठवण्याआधी अंगात धातू आहे का हे विचारतात, आणि पेशंट बिनदिक्कत नाही म्हणतो. एकाच्या मांडीचा एक्स-रे दुसऱ्याच कारणासाठी काढला होता. पडद्यावर काळ्या आभाळात चांदण्या विखुराव्यात तसे पांढरे ठिपके. मी बोट दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "मला वाटलं, हे कधीच निघून गेले."

या खात्याची सरकारी म्हणून जी टवाळी होते, त्यात मी सामील होत नाही. माझ्या एका रात्रीत त्याचे किती शोध हाताखालून जातात! छातीत दुखणाऱ्याचं रक्त ट्रोपोनिनच्या तपासणीला जातं, हृदयाला इजा झालीय का ते बघायला. रक्तातला कणभर पदार्थ अँटिबॉडीने पकडून मोजणाऱ्या तपासण्यांची ही जात जन्मली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या व्हीएत. रोझलिन यॅलो यांनी सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर ती इन्शुलिनसाठी शोधली, त्या वेळी किरणोत्सर्गी खूण वापरून. यॅलो डॉक्टर नव्हत्या, भौतिकशास्त्रज्ञ होत्या. १९७७चं नोबेल त्यांना मिळालं, बर्सन तोवर हयात नव्हते. कातडीखालच्या पेसमेकरचं सुरुवातीचं यश १९६०चं, बफेलोच्या व्हीएतलं, डॉ. चार्डॅक आणि अभियंता ग्रेटबॅच यांचं. पण मला सर्वांत आवडते ती कॅन्ससमधल्या टोपेकाच्या व्हीएतली नर्स, स्यू किनिक. १९९२ मध्ये भाड्याची मोटार परत करताना तिथल्या माणसाने हातातल्या यंत्राने बारकोड वाचला, आणि हिच्या मनात आलं की मोटारीला जमतं तर औषधाला का नाही? आज सिस्टर आधी पेशंटच्या मनगटावरचा पट्टा वाचते, मग गोळीचं पाकीट. जुळलं नाही तर यंत्र अडवतं. पहाटे साडेचारला ते मला कितीदा कुणाच्या तरी चुकीतून वाचवून गेलंय.

कॉम्प्युटरचंही तसंच. व्हीएतल्याच काही हौशी मंडळींनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी, वरिष्ठांचा विरोध पत्करून, नोंदींची प्रणाली लिहायला घेतली. तिचा आजचा पडदा दिसायला कळकट. पण फ्लोरिडात २००३ साली कुणी लिहिलेली नोंद मला इथे बसून दोन टिचक्यांत वाचता येते. २०२०मध्ये स्पोकेनपासून नवी प्रणाली आणायला सुरुवात झाली, २०२३मध्ये ते काम थांबवावं लागलं. आमच्याकडे अजून जुनीच आहे आणि माझी काही तक्रार नाही.

झोपलेल्या पेशंटला आम्ही खांद्याला हात लावून उठवत नाही. पायथ्याशी उभं राहून नाव घ्यायचं, हाताच्या टप्प्याबाहेरून. नवा आलेला डॉक्टर हे एकदाच विसरतो.

इथे येणाऱ्या प्रत्येकाला, पाय मुरगळलेल्यालाही, जीव द्यायचा विचार मनात येतो का हे विचारलं जातं. या देशात रोज सरासरी सतराच्या आसपास माजी सैनिक आत्महत्या करतात, त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक बंदुकीने. म्हणून पुढचा प्रश्न: घरात बंदूक आहे का? आपल्याकडे चहात साखर किती विचारतात त्या सुरात विचारावा लागतो. कपाटात फुकट वाटायच्या कुलपांचा खोका असतो. प्लॅस्टिक चढवलेली पोलादी तार, टोकाला छोटं कुलूप, दोन किल्ल्या. तार रिकाम्या बंदुकीतून ओवली की गोळी भरता येत नाही. चावी शोधायला जी चार मिनिटं लागतात, तेवढीच हवी असतात.

मागच्या हिवाळ्यात चाळिशीचा एक जण छाती आवळतेय म्हणून आला. इराकच्या दोन खेपा. ईसीजी ठीक, ट्रोपोनिन दोन्ही वेळा ठीक. सिस्टरच्या प्रश्नाला त्याने नाही म्हटलेलं. चारच्या सुमारास मी स्टूल ओढून बसलो आणि तोच प्रश्न परत विचारला. बराच वेळ तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गाडीत तासभर बसलो होतो. इकडे वळायचं की तळ्याकडे, ठरत नव्हतं." मानसोपचाराच्या डॉक्टरांना उठवलं. तो स्वखुशीने दाखल व्हायला तयार झाला. सहाला बायको आली, अंगावर रात्रीच्याच कपड्यांवर कोट. घरात दोन पिस्तुलं होती. मी खोक्यातून दोन कुलपं काढली आणि तार कशी ओवायची ते तिला सावकाश, सोप्या शब्दांत समजावू लागलो. बंदूक मी जन्मात हाताळलेली नाही. पाठ केलेलंच म्हणत होतो.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डॉक, मीपण होते. तिकडेच भेटलो आम्ही." आणि कुलूप माझ्या हातातून घेऊन तिने तार सुलटी धरली.