चॅनल एक, चंगळ अनेक!

हातात रिमोट, समोर शेकडो चॅनल्स आणि तोंडात एकच वाक्य: 'बघायला काही नाहीये यार!' आता जरा रिवाइंड करा. मुंबई दूरदर्शनचा जमाना! चॅनल एकच आणि तेही संध्याकाळचे काही तास. पण तेवढ्यात शेती, नाटक, क्विझ, गाणी, बातम्या, गुजराती गप्पा... सगळे हजर! चला, त्या काळाची एक फुल्ल धमाल संध्याकाळ बघून येऊ.

खुल जा शटर!
टीव्ही म्हणजे तेव्हा अख्खं फर्निचर! लाकडी कॅबिनेट, पुढे सरकतं शटर आणि काही घरांत त्याला चक्क कुलूप. बटण दाबलं की आधी आवाज यायचा, चित्र मागाहून सावकाश उमटायचं. बंद केला की मधोमध एक पांढरा ठिपका रेंगाळायचा. तो पुरता विझेपर्यंत पोरं जागची हलायची नाहीत.

लायसन्स आहे का?
माहीत आहे का? गाडीसारखंच टीव्हीलाही लायसन्स लागायचं! पोस्टात जायचं, वर्षाची फी भरायची, पुस्तकावर नोंद करून घ्यायची. रेडिओलाही तोच नियम. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ही फी गेली आणि टीव्ही खऱ्या अर्थाने 'फ्री' झाला.

गांधीजयंतीचा बर्थडे
मुंबई केंद्राचा जन्म २ ऑक्टोबर १९७२चा, मुक्काम वरळी. देशातलं हे दुसरं टीव्ही केंद्र. पहिला नंबर दिल्लीचा: १५ सप्टेंबर १९५९. म्हणजे मुंबईने तब्बल १३ वर्षं वाट पाहिली! पुणेकरांचं काय? १९७३मध्ये सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र आलं आणि पुण्याला घरबसल्या मुंबई दिसू लागली. गड आला आणि टीव्हीही आला!

पुलं तिथेही पहिले!
भारतीय टीव्हीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेतली कोणी? आपल्या पु. ल. देशपांड्यांनी! दिल्लीतल्या टीव्हीच्या अगदी सुरुवातीच्या काळात पुलं तिथे काम करत होते. माइक, पेटी, रंगमंच, कॅमेरा... पुलंना काहीच परकं नव्हतं.

'आलं... आलं... गेलं!'
कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी गच्चीवर एक शो असायचा. दादा अँटेना फिरवतोय, ताई खिडकीत उभी, बाबा टीव्हीसमोर. 'दिसतंय का?' 'मुंग्या आहेत!' 'आता?' 'आलं, आलं! हात काढू नकोस!' तेवढ्यात दांडीवर कावळा बसायचा आणि सगळं मुसळ केरात.

गोल गोल फिरणारा 'होमवर्क'
आठवते दूरदर्शनची ती शहनाईची धून आणि फिरत फिरत जुळणारा गोल? धून पंडित रविशंकर यांची. आणि तो गोल? अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याचं डिझाइन! १ एप्रिल १९७६ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, त्याच वर्षीची ही कमाल. एका विद्यार्थ्याचं काम अख्ख्या देशाने रोज पाहिलं. याहून मोठी शाबासकी कुठली?

पोरांनो, या रे या!
मराठी मुलांसाठी 'किलबिल', गुजराती मुलांसाठी 'संताकुकडी'. इंग्रजीत शब्दांचा खेळ हवा? सबिरा मर्चंट यांचा 'व्हॉट्स द गुड वर्ड' तयार! गंमत म्हणजे मराठी पोरं संताकुकडीही तितक्याच आवडीने बघायची. भाषा शिकायची फी? शून्य.

शेतकरी राजा, प्राइम टाइम राजा
'आमची माती, आमची माणसं' म्हणजे शेतीचा सुपरहिट कार्यक्रम. दादरच्या दोन खोल्यांतल्या पोरालाही तुरीवर कधी, काय फवारायचं याची खबर! कारण हा कार्यक्रम संपल्याशिवाय पुढचा लागत नसे. पाठोपाठ गिरणीकामगारांच्या मुंबईला साजेसं 'कामगार विश्व'. शेतात घाम गाळणारा आणि यंत्रापुढे उभा राहणारा, दोघंही पडद्यावर मानाने बसलेले.

वर साडी, खाली सरप्राइज!
माहीत आहे का? बातम्या देणाऱ्या स्मिता पाटील कधी कधी जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या! फ्रेममध्ये फक्त वरचा भाग, मग कोणाला कळणार? त्यांचा चेहरा श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरला आणि बातम्यांतून थेट सिनेमाचीच बातमी झाली. भक्ती बर्वे यासुद्धा याच पडद्यावरून घरोघरी पोहोचल्या. आणि प्रदीप भिडे? त्यांचा धीरगंभीर आवाज मराठी माणसाने कित्येक दशकं ऐकला.

चिमणराव ते बापू
चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ पुस्तकातून उडी मारून टीव्हीत आले. चिमणराव दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. हेच चिमणराव पुढे 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी झाले आणि राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेले. रेंज म्हणतात ती ही! जोडीला नाट्यछटा आणि विनोदाने गुंफलेला 'गजरा' आणि साहित्यिक-कलावंतांना भेटवणारं 'प्रतिभा आणि प्रतिमा'.

फुलं फुलली २१ वर्षं
'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा तबस्सुम यांचा टॉक शो १९७२ ते १९९३ चालला. २१ वर्षं! शो चालू झाला तेव्हा जन्मलेलं बाळ तो संपेपर्यंत मतदानाच्या वयाचं झालं होतं. आणि 'दीदार' (१९५१) सिनेमातली छोटी नर्गिस आठवते? ती बेबी तबस्सुमच!

व्यत्यय!
'छायागीत'मधलं ऐन आवडतं गाणं... आणि पडद्यावर एकच शब्द: व्यत्यय. सगळी चाळ एका सुरात 'अरेरेरे!' तिथेही एकी.

इंटरव्हल में खबर
शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. नायक दरीच्या टोकाला लटकलेला आणि मध्येच बातम्या! उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, आत पाय ठेवायला जागा नाही, पण जागा सोडून उठणार कोण? मग बातम्याही सगळ्यांच्या कानावर पडायच्या. जाहिराती मात्र १९७६पासूनच्या. त्याआधीचा टीव्ही एकदम अ‍ॅड-फ्री!

कलर कलर, व्हिच कलर?
१९८२! १५ ऑगस्टला राष्ट्रीय प्रक्षेपण रंगीत झालं आणि वर्षअखेरीस दिल्लीच्या एशियाडने घराघरांत रंग भरले. ७ जुलै १९८४ला 'हम लोग' आली. माहीत आहे का, या अस्सल देशी कुटुंबकथेमागे प्रेरणा होती मेक्सिकोतल्या मालिकांची?

रविवार सकाळ: रस्ते मोकळे
२५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झालं. ठरले होते ५२ भाग, झाले ७८! कित्येक घरांत आंघोळी उरकून, टीव्हीला हार घालून मंडळी बसायची. मग 'महाभारत'चे ९४ भाग. त्यातले कृष्ण, म्हणजे नितीश भारद्वाज, शिक्षणाने कोण? गुरांचे डॉक्टर! गोपाळाच्या भूमिकेला याहून पक्कं क्वालिफिकेशन शोधून सापडणार नाही.

पोस्टमनकाका दमले!
१९९०मध्ये सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांची 'सुरभि' आली. प्रेक्षकांना विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांच्या पोस्टकार्डांचा असा पाऊस पडला, की एका आठवड्यात १४ लाखांहून जास्त पत्रांचा विक्रम 'लिम्का बुक'मध्ये गेला. लाइक्सचा हिशोब तेव्हा पोत्यांत व्हायचा!

आणि आता क्लायमॅक्स!
या सगळ्यातला सर्वांत भारी फॅक्ट कुठला? चॅनल एकच होतं, म्हणून त्यात सगळ्यांना जागा द्यावी लागली आणि सगळ्यांना सगळं बघावं लागलं. शेतकऱ्याने कवी ऐकला, क्लार्कने तुरीवरची कीड ओळखली, आजीने इंग्रजी क्विझ पाहिलं. आपल्याला काय आवडतं ते आज अ‍ॅप ओळखतं. तेव्हाचा टीव्ही मात्र आपल्याला जे माहीतच नव्हतं तेच आवडायला लावायचा! म्हणून या रविवारी एक चॅलेंज घ्या: कधीच बघितला नसता असा एक कार्यक्रम लावा, सगळ्या घराला समोर बसवा आणि रिमोट लपवून ठेवा!