मालवणच्या सागरी अभयारण्याला जाताना

नेवाशाचे पाणी प्रवरेतून गोदावरीत जाते आणि गोदावरी ते पूर्वेच्या समुद्राला नेऊन घालते. पश्चिमेचा समुद्र आम्हांला त्यापेक्षा जवळ. पण मध्ये सह्याद्री उभा आहे. त्यामुळे आमच्या भागातल्या माणसाची आणि समुद्राची ओळख बहुधा मुंबईच्या एखाद्या फेरीपुरतीच असते. चौपाटीवर पाय भिजवावे, भेळ खावी आणि परतावे. त्या पाण्याखाली काय आहे हा प्रश्न मनात येतही नाही.

तो प्रश्न आमच्या साखर कारखान्यातल्या सोबत्यांनी काढला. ताडोबा पाहून आलेली ही मंडळी. त्यांनी विचारले, "वाघाचे राष्ट्रीय उद्यान झाले, आता समुद्राचे कुठे आहे ते सांगा. पुढची सहल तिकडे काढू." चौकशी करता कळले ते असे, की महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा आहेत, परंतु त्यांतले एकही समुद्रातले नाही. बोरिवलीचे उद्यान मुंबईला लागून असले तरी ते डोंगरातले. समुद्रातले राष्ट्रीय उद्यान पाहायचे तर गुजरातेत जामनगरला जावे लागते. कच्छच्या आखातातले ते उद्यान १९८२ साली झाले. आपल्याकडे जे आहे ते मालवणचे सागरी अभयारण्य. १३ एप्रिल १९८७ रोजी ते जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे ३ चौरस किलोमीटरांचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालच्या खडकांचा.

उद्यान आणि अभयारण्य ह्यांतला फरक नावापुरता आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात माणसाचे पूर्वापार हक्क शिल्लक राहत नाहीत. ते संपवूनच उद्यानाची शेवटची घोषणा होते. अभयारण्यात मात्र कोणाचे कोणते हक्क पुढे चालू ठेवायचे हे ठरवण्याला जागा आहे. म्हणजे ह्या एका शब्दावर कोणाची तरी रोजी अवलंबून असते. मालवणला ती गाबित मच्छीमारांची आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊच. आधी बेताचे बोलू.

आमचा पहिला बेत साफ फसला, आणि दोष सर्वस्वी आमचा होता. रजा मिळाली, गाडी ठरली, स्वयंपाकाचे सामान बांधले. पाहिले नाही ते एवढेच, की त्या दिवशी तिथी कोणती. मालवणला पोचलो तो अष्टमीचा दिवस. भर दुपारी बाराला ओहोटी होती खरी, पण पाणी जेमतेम वावभर मागे सरले होते. खडक पाण्याखाली, वर नुसती चकाकी. होडीवाल्या मामांनी विचारले, "भांगाचे कशाला आलात? घरात पंचांग नाही?" पंचांग होते. मुहूर्त पाहण्यापलीकडे त्याचा उपयोग आम्हांला ठाऊक नव्हता.

तेव्हा भरती-ओहोटीचा हिशेब नीट समजून घेऊ. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे पडते. कोकणातल्या लोकांनी ह्यावरून सोपा आडाखा बांधला आहे. तिथीचा आकडा तीनाने गुणावा आणि चाराने भागावा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळची किंवा दुपारची आणि तशीच रात्रीचीही. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धराव्या. भरतीपासून सव्वासहा तास पुढे वा मागे मोजले की ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सोडून द्यावा. बंदराबंदरागणिक वेळ थोडी हलते. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण खात्याची भरतीची कोष्टके पाहावी.

पण वेळेइतकेच महत्त्व पाणी किती उतरते ह्याला आहे. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येते. भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ आडवी पडते आणि पाणी ना धड चढते, ना धड उतरते, तो भांग. उधाणाचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतो. आता हे दोन्ही हिशेब जुळवून पाहा. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास, अंधारात. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसाताच्या आसपास. उजेड आहे, ऊन चढलेले नाही आणि पाणीही पुष्कळ उतरलेले आहे. म्हणून प्रतिपदा ते तृतीया हे तीन दिवस धरावे. चौपाटीवरच्यासारखे पाणी दूरवर जाईल अशी मात्र अपेक्षा नको. मालवणची भरती-ओहोटी मुंबईपेक्षा बरीच लहान आहे.

आणखी एक गोष्ट जिवाशी निगडित आहे, म्हणून विस्ताराने सांगतो. परतणारे पाणी सारख्या वेगाने येत नाही. सहा तासांत चढणाऱ्या पाण्याचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक असा त्याचा चढ असतो. पहिल्या तासात पाणी हलतसुद्धा नाही असे वाटते आणि माणूस निर्धास्त राहतो. तिसऱ्या तासात ते मागच्या बाजूने घळीतून येऊन वाट बंद करते. म्हणून ओहोटीच्या आधी तासभर खडकावर उतरावे आणि ओहोटीनंतर तासाभरात वाळूवर परत यावे. पायांत घट्ट बसणारी पादत्राणे हवीत. शेवाळ निसरडे असते आणि कालवांच्या शिंपांच्या कडा वस्तऱ्यासारख्या.

एवढे करून दिसते काय? अंदमान-लक्षद्वीपची चित्रे पाहून जाणाऱ्याची निराशा होईल. मालवणचे प्रवाळ खडकाला चिकटलेल्या तपकिरी, हिरवट गोळ्यांसारखे असते. पण तो दगड नव्हे. सुईच्या टोकाएवढ्या तोंडांच्या असंख्य जीवांची ती वसाहत. त्यांनीच चुना साठवून बांधलेली चाळ म्हणा ना! त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, ते उन्हावर अन्न तयार करते आणि बहुतेक घरमालकालाच देते. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसेच राहिले की ही भागी मोडते. शेवाळ बाहेर पडते, प्रवाळ पांढरे पडते आणि तसेच चालले तर मरते. १९९८, २०१० आणि २०१६ साली जगभर असे झाले. तेव्हा त्यावर पाय देऊ नये, होडीवाल्याला प्रवाळावर नांगर टाकू देऊ नये, आणि घरी नेण्यासाठी तुकडा मोडू नये. २००१ पासून ह्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याने वाघाच्याच पहिल्या परिशिष्टात घातले आहे. आमच्यातल्या एकाने खिशात घातलेला तुकडा होडीवाल्या मामांनी काढायला लावला होता, ते बरेच केले.

आता मच्छीमारांकडे वळू. अभयारण्य जाहीर झाले तेव्हापासून मालवणच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, आणि सहलीला जाणाऱ्याने तो समजून घेतल्याशिवाय जाऊ नये असे आम्हांला वाटते. विरोध प्रवाळाला नाही. किनाऱ्यावरून रापण ओढणारा माणूस विचारतो, की माझ्या बापजाद्यांनी ज्या पाण्यात जाळे टाकले, तेथे उद्या मला गुन्हेगार ठरवणार काय? खरा नाश करणारी मोठी पर्ससीन जाळी तर यांत्रिक नौकांची. त्यांच्यावर राज्य सरकारने बंधने घातली ती २०१६ साली, आणि प्रखर दिवे लावून मासे ओढण्यावर केंद्राची बंदी आली ती २०१७ साली. अभयारण्याचा फलक मात्र त्याच्या कित्येक वर्षे आधी लागलेला होता. १९९१ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली. समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचे हित राखण्याची पुरेशी तजवीज आधी करावी, असे तीत आले. मालवणच्या घोषणेनंतर चार वर्षांनी! कायदा आधी आणि कामकऱ्याचा विचार मागाहून, हा क्रम आम्ही कारखान्यांतही पाहिला आहे. आणि आपल्या नेवासा-शेवगावकडच्या माणसाला हे नवे वाटू नये. जायकवाडीत आपली गावे बुडाली, आणि त्याच पाण्याचे १९८६ साली पक्षी अभयारण्य झाले.

प्रवाळ राखले पाहिजे ह्याविषयी आमच्या मनात शंका नाही. खडकाच्या आसऱ्याने मासळी वाढते आणि ती मच्छीमारालाच मिळते. पण राखण त्याला विश्वासात घेऊन व्हावी, त्याला हुसकून नव्हे. म्हणून आमच्या बेतात दोन गोष्टी पक्क्या आहेत. होडी स्थानिक माणसाची घ्यायची आणि दर आधी मोकळेपणाने ठरवायचा. घासाघीस करून त्याची मजुरी खाली आणायची नाही. आपल्या मजुरीसाठी भांडणाऱ्यांना ती शोभत नाही. आणि सकाळी रापण ओढत असतील तर नुसते फोटो न काढता दोराला हात लावायचा, त्यांनी लावू दिला तर.

राहिला रजेचा मेळ. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास गळीत सुरू होते आणि मार्च-एप्रिलात धुराडे थंडावते. पाणी सर्वांत नितळ असते त्या थंडीच्या दिवसांत कारखान्यातला माणूस हलू शकत नाही. हंगामी कामगाराला सवड होते तोवर उन्हाळा येतो. आणि मेअखेरीपासून पावसाळाभर किल्ल्याच्या होड्या व पाण्यातले खेळ बंद असतात. मुलांच्या परीक्षा धरल्या तर एप्रिलच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचाच काळ हाती उरतो. त्यात उधाणे साधारण तीन: चैत्र पौर्णिमा, चैत्र अमावास्या आणि वैशाख पौर्णिमा. प्रत्येकीनंतरचे तीन दिवस, म्हणजे एकूण नऊ सकाळी. त्यांतल्या दोन सलग सकाळी मालवणात काढाव्या. एक ढगाने वा वाऱ्याने गेली तरी दुसरी उरते. ओहोटी सरल्यावर किल्ला पाहावा. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचे काम सुरू केले. भोवती खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या तीन विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत.

वाट नगर, पुणे, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली अशी. घाट दिवसाउजेडी उतरता येईल अशा बेताने निघावे. त्यामुळे एक रात्र कोल्हापुरास मुक्काम पडतो, पण चालकालाही झोप मिळते. रेल्वेने जाणाऱ्यांस कोकण रेल्वेचे कुडाळ किंवा कणकवली स्थानक सोयीचे. लहान मुलांच्या मापाची तरंगती जाकिटे होडीवर आहेत की नाहीत हे ठरवतानाच विचारून घ्यावे. नसतील तर दुसरी होडी पाहावी. आणि पंचांग गाडीत पुढच्या बाजूला ठेवावे.