आमटी खारट झाली, हे सांगायचं कुणी?

पाचवीत असताना आमच्या वर्गात दर शनिवारी शुद्धलेखन असायचं. लिहून झालं की गुरुजी म्हणायचे, ‘वह्या बदला.’ शेजाऱ्याची वही आपल्यापुढे, आपली त्याच्यापुढे. फळ्यावर बघून चुकांना गोल करायचे आणि दहापैकी गुण द्यायचे. दोस्ती असली की ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा. मधल्या सुट्टीत भांडण झालेलं असलं तर अनुस्वाराचासुद्धा हिशेब. मला एकदा चार गुण पडले होते. त्यातले दोन तरी कंचे न दिल्याबद्दल कापले गेले, हे मी आजही सांगू शकतो.

हीच गोष्ट आता ‘सहाध्यायी मूल्यांकन’ असं भारदस्त नाव घेऊन परत आली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जे समग्र प्रगतिपुस्तक सुचवलं आहे, त्यात शिक्षकाच्या शेऱ्यासोबत मुलाचं स्वतःचं आणि वर्गमित्रांचंही मूल्यमापन आहे. कल्पना चांगली आहे. पण अशा रकान्यात मुलं काय लिहितील, हे कुठलाही शिक्षक डोळे मिटून सांगेल : ‘चांगला आहे. मस्ती करतो.’

न्यूझीलंडचे ग्रॅहम नटहॉल यांनी वर्गातल्या मुलांना मायक्रोफोन लावून त्यांची आपापसातली कुजबुज टिपली. मुलाला आपल्या कामाबद्दल जे काही ऐकायला मिळतं, त्यातलं बहुतेक सोबत्यांकडूनच येतं आणि त्यातलं बरंचसं चुकीचं असतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे मुलांनी एकमेकांना सांगावं की नाही हा प्रश्नच उरत नाही, ती सांगतच असतात. ते सांगणं नेमकं कशाने होईल, एवढंच बघायचं. त्यासाठी मला वर्धा आठवते.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून झाकिर हुसेन समिती, बुनियादी शिक्षणाचा, म्हणजेच नई तालीमचा, आराखडा आणि पुढच्या वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ. शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी या शिक्षणाची शाळा उभी केली. समितीच्या वेळापत्रकात साडेपाच तासांपैकी तब्बल 3 तास 20 मिनिटं हस्तोद्योगाला होती. यावर तेव्हाही टीका झाली, पोरांना मजूर करता का म्हणून. ती टीका अगदीच फोल नव्हती. पण या उद्योगाने आणखी एक गोष्ट साधली : मुलांपुढे बोलायला एक वस्तू आली.

टकळीवरचं सूत घ्या. पेळू चिमटीत घट्ट धरला की धागा बारीक होऊन तुटतो, सैल सोडला की गाठीसारखा जाड येतो. जाड जागेला पीळ कमी बसतो, बारीक जागा जास्त पीळ खाते. चार फुटांचा एक तार, असे 640 तार झाले की एक गुंडी. सूत गुंडाळताना किती ठिकाणी सांधलंय, ते बोटांना आपोआप कळतं. इथे शेजारच्या मुलाला ‘तू वाईट आहेस’ म्हणायची सोयच नाही. तो फार तर म्हणेल, ‘इथे पेळू दाबलास बघ.’ आणि पुढचा तार काढताना ते लगेच करून बघता येतं. कंच्यांचं भांडण सुताच्या अंकात, म्हणजे त्याच्या बारीकपणाच्या मापात, शिरत नाही.

अमेरिकेत बॉइझी शहरातल्या पहिलीच्या एका मुलाचं फुलपाखरू शिक्षकांच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. सोबत्यांचं ऐकून त्याने तेच चित्र सहा वेळा काढलं. सोबती आधी फक्त पंखांच्या आकाराबद्दल बोलले, नक्षीकडे मागाहून वळले. शेवटचं चित्र पहिल्याचं सख्खं भावंडही वाटत नाही. आमच्या शनिवारी नेमकं हेच नव्हतं : गुण पडले, वही मिटली. ‘तुझी प्रत्येक ‘की’ ऱ्हस्व होतेय, पुन्हा लिही’ असं कुणी म्हणालं असतं, तर दहा मिनिटांचं काम होतं.

सेवाग्रामात याहून मोठा आखाडा होता तो स्वयंपाकघराचा आणि सफाईचा. मुलं आपल्यातूनच मंत्री निवडत आणि आमसभेत त्या मंत्र्यांना आपल्या कामाचा जाब द्यावा लागे. तिथे प्रश्न विचारणारा पाहुणा नसतो, त्याच पंगतीत जेवणारा असतो. आमटी खारट झाली तर ती त्याच्याही ताटात असते. प्रगतिपुस्तकाच्या रकान्याला हीच पंगत कुठून आणायची, याचं उत्तर मला धोरणात सापडत नाही. प्रयोगशाळेतली जोडी असेल, गॅदरिंगचं नाटक असेल, शाळेची परसबाग असेल, काहीतरी सामायिक लागेलच. सेवाग्रामच्या त्याच परिसरात 2005 मध्ये नई तालीमची ‘आनंद निकेतन’ शाळा पुन्हा सुरू झाली. तिथेही शेती आणि स्वयंपाक हे अभ्यासच आहेत.

आणि तिथल्या कामांना पाळ्या असतात. आज ‘मीठ जास्त झालं’ म्हणणाऱ्याच्या हातात पुढच्या खेपेला तोच डाव येतो.