वारा कुठून आला? किती जोरात आला?

संक्रांतीच्या दिवसांत आमच्या वर्गात दोघांची चांगलीच जुंपली.

"बाई, वारा येऊरच्या डोंगराकडूनच येतोय. गच्चीवरून माझा पतंग सरळ खाडीच्या बाजूला गेला!"

"मुळीच नाही! खाली दोन इमारतींच्या मध्ये धूळ उलट्या बाजूला उडत होती."

खरं कोण बोलत होतं? दोघंही!

आपल्या वर्तकनगरात इमारती दाटीने उभ्या आहेत. वारा भिंतींवर आपटतो, वळतो, गरगर फिरतो. म्हणून वेधशाळेत वारा मोजायची उपकरणे मोकळ्या जागेत, जमिनीपासून १० मीटर उंच खांबावर बसवतात.

दिशा दाखवतो तो वातकुक्कुट. पूर्वी त्यावर कोंबडा असे, म्हणून हे नाव. त्याचे शेपूट रुंद असते. वारा ते मागे ढकलतो आणि टोक वाऱ्याकडे वळते. वारा जिकडून येतो, त्या दिशेचे नाव त्याला मिळते. नैर्ऋत्येकडून पाऊस घेऊन येतात, ते नैर्ऋत्य मोसमी वारे!

आता वेग. १८०५ साली ब्युफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याला ० ते १२ असे क्रमांक दिले. पुढे त्यांना जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या. धूर सरळ वर गेला तर ०. छत्री सांभाळताना नाकी नऊ आले, की ६. १२ म्हणजे महाभयंकर वादळ!

पण अंदाज तो अंदाजच. १८४६ साली आयर्लंडच्या रॉबिन्सन यांनी चार वाट्यांचा वेगमापक तयार केला. वाटीच्या पोकळ बाजूवर वाऱ्याचा जोर जास्त, फुगीर बाजूवर कमी. त्यामुळे वाट्या फिरतात. फेऱ्या मोजा, वेग कळतो. आता बहुधा तीनच वाट्या असतात. काही नव्या उपकरणांत तर फिरणारे काहीच नसते! वाऱ्याच्या दिशेने आवाज लवकर पोहोचतो, उलट दिशेने उशिरा. त्या फरकावरून वेग काढतात.

मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालची, तर भारतीय हवामान विभाग १८७५ सालचा. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. अशा वाऱ्यात होडी सापडली तर? म्हणूनच 'समुद्रात जाऊ नका' हा इशारा वेळेवर मिळणे मच्छीमारांसाठी जीवनमरणाचा प्रश्न असतो.

तुम्हीही वातकुक्कुट करा. स्ट्रॉच्या एका टोकाला पुठ्ठ्याचा छोटा त्रिकोण, दुसऱ्या टोकाला मोठा चौकोन खोचा. स्ट्रॉ जिथे तोलून राहील, तिथे टाचणी आरपार टोचून पेन्सिलीच्या रबरात रोवा. झाले! आधी खाली अंगणात पाहा, मग आईबाबांबरोबर गच्चीवर. दोन्हीकडे टोक एकाच दिशेला वळते का? वहीत रोज लिहून ठेवा. म्हणजे भांडायची वेळच येणार नाही!