आई कामावर, बाळ कुणाकडे?

बाळ वर्षाचं व्हायच्या आत आई कामावर गेली, की ‘लेकराची आबाळ होणार’ हे तिला ऐकावं लागतंच. अमेरिकेत १९९१ साली जन्मलेल्या १,३०० हून अधिक मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. त्यावरचं २०१० मधलं विश्लेषण सांगतं: पहिल्याच वर्षी आई पूर्णवेळ नोकरीत असेल, तर काही मुलांचे आकलन-चाचणीतले गुण किंचित कमी आले, पण घरचं वाढलेलं उत्पन्न, चांगला सांभाळ आणि आईची बाळाशी असलेली समरसता यांनी ती तूट जवळपास भरून निघाली. म्हणजे दोष नोकरीचा नव्हे. सांभाळणारे हात कसे आहेत, हे महत्त्वाचं. सुरुवातीचे महिने ते हात आईचेच असावेत, यासाठी आपल्याकडे २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. शेतमजूर आणि घरकामगार आया मात्र त्याबाहेरच आहेत.