लू लागली, फ्लू नव्हे

मागच्या मे महिन्यात आजोबा भर दुपारी बँकेत जाऊन आले आणि आले तसे आडवे झाले. अंग तापलेलं, डोकं भणभणतंय, दोनदा ओकारी झाली. मी पुण्याच्या आतेबहिणीला फोनवर सांगितलं, "आजोबांना लू लागली गं." ती घाबरली. "फ्लू? मग पॅरासिटामॉल दिलीस का?"

ग्वाल्हेरच्या आमच्या घरात 'लू' हा शब्द इतका मुरलेला आहे, की तो मराठी नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये इथं तळ दिला, त्या लष्कराचं 'लश्कर' गाव झालं. तेव्हापासून इथल्या मराठी घरांत हिंदीचे कितीतरी शब्द असेच न विचारता आत आले.

लू म्हणजे मे-जूनच्या दुपारी राजस्थान-सिंधच्या वाळवंटाकडून येणारा कोरडा, भाजून काढणारा पश्चिमेचा वारा. हिंदीत 'लौ' म्हणजे दिव्याची ज्योत आणि 'लूक' म्हणजे जाळ किंवा गरम वारा. लू याच घराण्यातला मानतात, आणि लूकचं मूळ संस्कृत 'उल्का'पर्यंत नेतात. आपली 'झळ' ज्वालेच्या नात्यातली. पण झळ चुलीचीही लागते आणि महागाईचीही. ती त्या वाऱ्याचं नाव झाली नाही. पुण्या-कोकणात त्याची गरजही फारशी पडली नसावी. नागपूरकरांची गोष्ट वेगळी!

गंमत पुढेच आहे. मराठी माणूस म्हणतो, "ऊन लागलं." हे ऊन 'उष्ण'वरून आलेलं, म्हणून तर आपण ऊन ऊन भात खातो. म्हणजे मराठीत दोष उन्हाचा, हिंदीत वाऱ्याचा. आणि इथं हिंदीचं म्हणणं नीट ऐकावं. हवा आपल्या त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण 35 अंशांपेक्षा जास्त तापली, की सावलीतही अंगाला उष्णता देते. त्यात ती कोरडी, त्यामुळे घाम आल्याचं कळतही नाही आणि अंगातलं पाणी कमी होत जातं. "मी उन्हात गेलोच नाही, सावलीत बसलो होतो" हे आजोबांचं म्हणणं खरंच होतं. बँकेबाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली ते तासभर बसले होते.

पॅरासिटामॉलचा इथं उपयोग नाही, कारण हा जंतूंचा ताप नव्हे. अंग पाण्यानं पुसून वारा घालायचा. माणूस शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी, मीठ-साखरेचं सरबत किंवा पन्हं द्यायचं. (पन्हं आणि इथला 'पना' दोघंही संस्कृत 'पानका'चीच लेकरं. खिशातल्या कांद्याबद्दल मी आजीशी वाद घालत नाही.) बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली, तर तोंडात काही न घालता, अंग गार करत करत थेट दवाखाना.

25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो. महाराष्ट्रात तेव्हा शेतकरी आभाळाकडे बघायला लागतो. इकडे त्याच रोहिणीत नौतपा सुरू होतो, नऊ दिवसांची भट्टी.

आजोबा दोन दिवसांत उठले. हल्ली बँकेत सकाळीच जातात, कानाला गमछा बांधून. आतेबहिणीचा फोन यंदा एप्रिलमध्येच आला, "काय गं, लू सुरू झाली का तिकडे?"